दुसरी हाक

सोमवार, ३१ ऑक्टोबर १९६६
पीरखार, तालुका रोहे

पोचलो एकदाचा! पेणहून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघालो. खांब गावाला एक बाई तीन कोंबड्या घेऊन चढली, त्यातली एक तिने माझ्या मांडीवर ठेवली आणि खुशाल झोपी गेली. रोह्याला उतरताना कोंबडी परत केली तर म्हणते कशी, ऱ्हायली आसती तरी चाललं आसतं. पुढे दोन तास खाडीच्या बांधावरून चाल. डोक्यावर अवजारांची पेटी आणि दोन्ही बाजूंना पिवळं झालेलं भात. बऱ्याच महिन्यांनी पाय मोकळे झाले, बरं वाटलं.

इथला मदरसा दोनशे वर्षांचा आहे म्हणतात. जांभ्याची लांबट इमारत, पुढे पडवी, आणि पडवीतून थेट खाडीत उतरणाऱ्या अकरा पायऱ्या. पूर्वी इथे गलबतं लागायची. मुलं आत झुलत झुलत पाठ म्हणत होती. मी पेटी उतरवली तसा पाठ थांबला आणि चाळीस डोळे पेटीवर खिळले.

इथले मोठे उस्ताद इस्माइल खतीब. वय साठीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, आवाज मात्र खणखणीत. पेणच्या एका मास्तरांनी त्यांना माझं नाव कळवलं होतं, की दिनानाथ बांधणीवाला चिकट स्वभावाचा आहे पण त्याची पुस्तकं सुटत नाहीत. हस्तलिखितं एकतीस आहेत. बरीचशी कुराणाची, काही औषधांची, एक तारे ओळखायचं, नाखव्यांसाठी. शिवाय हिरव्या कापडात बांधलेली एक पेटी. तिच्यात पहिल्या उस्तादांच्या खडावा, त्यांची माळ आणि मक्केहून गलबताने आलेला काळ्या कापडाचा तुकडा आहे. ती वर्षातून एकदाच उघडतात. मी आधीच विचारून घेतलं, मी हिंदू, माझा हात लागला तर चालेल का? खतीब म्हणाले, वाळवी कधी विचारत नाही, तुम्ही निदान विचारलंत. हातपाय धुवा आणि बसा.

जेवायला तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण. घरी सरूला उद्या पत्र टाकतो.

मंगळवार, १ नोव्हेंबर

चिकटवायची खळ शिजवली. मोरचूद घातलं की कीड लागत नाही. खारी हवा कागदाला वाईट. पानं अशी मऊ झाली आहेत की बोट लावायची भीती वाटते. पण अक्षर! सोनेरी वेलबुट्टीच्या मधोमध काळी शाई अजून ओली असल्यासारखी चमकते. तासभर नुसता बघत बसलो, काम शून्य.

इथली एक रीत मला फार आवडली. कागदाचा कपटासुद्धा इथे रद्दी होत नाही. जीर्ण पान गळून पडलं की ते रांजणात ठेवतात आणि रांजण भरला की माणसासारखं पुरतात. मी सवयीने एक चिंधी झालेलं पान कचऱ्याच्या बाजूला सारलं, तर एका पोराने धावत येऊन ते उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खुनीच.

दुपारी सव्वादोनला भरती लागली आणि पाठ बंद झाला. खतीब एक जाड वही घेऊन पडवीत बसले. ही कुराणाबरोबरची नव्हे. तिला गावात खाडीची वही म्हणतात. खाडीत बुडालेले आणि ज्यांचं प्रेत मिळालं नाही अशांची नावं तिच्यात आहेत, मुसलमान, आगरी, कोळी, सगळे एका रांगेत. रोज उजेडातल्या भरतीला ती वाचायची. हे किताबात कुठे नाही, खतीब स्वतःच म्हणाले. आमच्या खाडीचा रिवाज आहे. नाव घ्यायचं, घरचं कोणी बसलं असेल तर त्याने 'पोच' म्हणायचं, नसेल तर खतीबच म्हणतात. म्हणजे तो जीव जिथे जायचा तिथे पोचतो.

एक आगरी म्हातारी रोज येते, धोंडुबाई. मिठागरावर राबून तिचे तळवे चिरले आहेत. नवरा हिरामण तेवीस वर्षांपूर्वी होडीसकट गेला. नाव आलं की 'पोच रं बाबा' म्हणते, पदर झटकते आणि कामाला जाते. एवढं साधं.

नियम एकच. नाव एकदाच घ्यायचं. चुकलं, अडखळलं तरी मागे यायचं नाही. दोनदा हाक मारली तर त्याला वाटतं घरी कोणी वाट बघतंय, आणि तो परत फिरतो. खतीबांनी मला विचारलं, तुमच्याकडे काय मानतात? मी म्हटलं, आमची आई सांगायची, मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरी येऊ द्यायची.

एवढं सांगितलं आणि उठून खळ ढवळायला गेलो.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

खतीबांना सांगितलं. सांगायचं नव्हतं. ते तारे ओळखायचं पुस्तक शिवत होतो, ते शेजारी बसून दोरा ओवून देत होते. त्यांनी फक्त विचारलं, मुलंबाळं?

शकू आठ वर्षांची होती. चैत्रात सरूच्या माहेरी गेलो होतो, अंतोऱ्याकडे, मिठागरावर. मी बांधावर बसून कोणाचं तरी पुस्तक शिवत होतो. शकू खाली खेळत होती. आमचा घरातला खेळ होता, मीच लावलेला. तिने एकदा हाक मारली की मी मुद्दाम ओ द्यायचो नाही. म्हणायचो, एकदाच मारतं ते भूत, माणसाने दोनदा मारावी. मग ती चिडून, पाय आपटून 'बाबाऽऽ' म्हणायची आणि मी दचकल्याचं सोंग करायचो. ती हसून लोळायची.

त्या दिवशी तिने हाक मारली. एकदा. मी सुई घातलेली होती, मान वर केली नाही, दुसरीची वाट बघत गालात हसत होतो. देवा, हसत होतो मी.

ओहोटीने तिला नेलं. पाच दिवस होड्या फिरल्या.

हे मी सरूला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मला ऐकूच आलं नाही. ती अजून संध्याकाळी शकूचं ताट मांडते.

खतीबांनी दोरा खाली ठेवला. मग म्हणाले, नाव लिहू या. पण 'पोच' तुम्ही म्हणायचं, मनापासून. नाहीतर लिहायलाच नको.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर

साडेचारची भरती. खतीबांनी बोरूने लिहिलं, 'शकुंतला दिनानाथ, पेण.' मग वाचन. सगळ्यात शेवटी तिचं नाव. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओठ हलवले. आवाज निघाला की नाही मला ठाऊक नाही. धोंडुबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, व्हईल सवय, मला बी वरीस लागला व्हता.

शनिवार, ५ नोव्हेंबर

खाडीची वही बांधायला घेतली. पाठ मोडलेली, पुठ्ठा भुगा झालेला. आज संध्याकाळच्या वाचनानंतर खतीबांनी ती सोपवली. उद्याचं वाचन तोंडपाठ करतील, परवा सकाळी वही परत हवी.

पुठ्ठ्याच्या पोटात आम्ही बांधणीवाले जुना कागद चिकटवतो, अस्तर म्हणून. पेणमधल्या निम्म्या पुस्तकांच्या पोटात कोणाच्या तरी लग्नपत्रिका आहेत. पण इथे रद्दी आणायची कुठून? इथला कपटासुद्धा रांजणात. माझ्या पेटीत एकच कागद होता.

खोटं कशाला लिहू? रोह्याहून कागद मागवता आला असता.

तो कागद म्हणजे शकूने शाळा-शाळा खेळताना लिहिलेली हजेरी. ती सगळं पाटीवर लिहायची, आणि पाटीवरचं किती जपलं तरी पुसलं गेलं. कागदावर हे एवढंच, माझ्या शाईने चोरून लिहिलेलं. ठमी बाहुली, हजर. बकरी, हजर. शकुंतला, हजर. बाबा, पुढे रिकामं. आई पटावर नाही, आईला काम असतं म्हणून सुट्टी. बाबांची जागा रिकामी का, असं मी विचारलं होतं. म्हणाली, तुम्ही पहिल्या हाकेला येतच नाही.

मला वाटलं, वहीतल्या एवढ्या लोकांत ती एकटी आहे, कोणी ओळखीचं नाही. तिचं अक्षर तिच्याजवळ राहू दे. खळ लावली, पान पालथं ठेवलं, हाडाच्या पट्टीने घासून बसवलं, वर कातडं ओढलं. कोणाला कळणार नाही. काम सुरेख झालं. आज सात महिन्यांनी झोप लागेल असं वाटतं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

पुठ्ठा वाळत नाही. काल वही दिली तेव्हा वाटलं, दमट हवा आहे. आज हात लावला तर बोटांना पाणी लागलं. चाटून पाहिलं. खारट.

सकाळच्या भरतीला वाचन. खतीबांनी पहिलं नाव घेतलं आणि पायऱ्यांकडून कोणीतरी खाकरलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. पाणी वरून सातव्या पायरीला, बाकी काही नाही. हिरामणचं नाव आलं तेव्हा धोंडुबाईने 'पोच' म्हटलंच नाही. मान तिरकी करून ऐकत राहिली.

वाचनानंतर पडवीत ओली पावलं होती. बरीचशी मोठी, मोजली नाहीत. त्यात एक जोडी लहान. उजव्या पायाची करंगळी टेकलेली नव्हती.

शकूची टेकायची नाही.

बुधवार, ९ नोव्हेंबर

सगळ्यांनी ऐकलं. माझे भास नव्हेत. नाव झालं की खालून, पाण्याच्या पातळीवरून, कोणीतरी म्हणतं, हजर. म्हातारा आवाज, बायकी आवाज, घोगरा आवाज. प्रत्येक नावाला वेगळा. पोरं रडत आत पळाली. खतीब थांबले नाहीत, थांबायचं नसतं.

शेवटचं नाव.

हजर म्हणाली. शाळेत म्हणतात तसं, लांबवून. र वर जोर देऊन.

मी भ्यायला हवं होतं. भ्यालो नंतर. आधी इतका आनंद झाला की मी पायऱ्यांकडे धावलो आणि खतीबांनी मला कमरेला धरून खाली पाडलं.

गुरुवार, १० नोव्हेंबर

खतीबांनी वही कापडात बांधून आत ठेवली. आज वाचन नाही. मदरशाला सुट्टी, पोरं घरी.

नऊच्या सुमारास धोंडुबाई आली. नवं लुगडं, केसांत अबोली. म्हणाली, आलाय तो. रातीपास्नं बांधावर हुबा हाय, भिजलाय निस्ता. तेवीस वर्सं मी त्याला जा म्हनत व्हते, रोज. त्याला काय वाटलं आसंल? मी म्हटलं, मावशी, जाऊ नका. ती हसली. मला म्हणाली, तुमची बी हुबी हाय की, त्या तिवराच्या झाडाच्या बाजूला. लई ग्वाड हाय पोर.

मी तिकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं. मी धोंडुबाईलाही धरायला हवं होतं. दोन्ही केलं नाही.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

बांधावर धोंडुबाईच्या वहाणा. शेजारी भाकरी, फडक्यात बांधलेली, दोघांपुरती. माणसं खाडीत उतरली आहेत. मिळणार नाही.

खतीबांपुढे बसून कबूल केलं. पुठ्ठ्यात काय घातलं ते. वाटलं मारतील. ते रडले. म्हणाले, दोनशे वर्षं इथे जा म्हणतात, तुम्ही वहीच्या पोटात हजर ठेवलंत. ते बिचारे काय करणार?

उपाय एकच. पुठ्ठा फोडायचा. पान काढायचं. उद्या अमावास्या, दुपारी बाराला मोठी भरती. पाणी फिरलं की पान ओहोटीला द्यायचं आणि 'पोच' म्हणायचं. आवाज काढून. मीच. आणि हाक आली तर ओ द्यायची नाही, काय वाटेल ते झालं तरी. ओ देणारा परत येत नाही. मग तुमच्या घरी एक बाई उरेल आणि दोन ताटं, असं म्हणाले.

संध्याकाळी सरूचं पत्र आलं. रोह्याचा पोस्टमन बांधावर टाकून पळाला. तिने लिहिलंय, या वर्षी सण नाही, पण एक पणती लावीन. तुम्ही या. येताना पेटीतलं तिचं हजेरीचं पान आणा. तिच्या हातचं तेवढंच आहे, मला ते काचेत लावायचंय.

तेवढंच आहे.

शनिवार, १२ नोव्हेंबर. सकाळ

फोडला पुठ्ठा. पान निघालं, ओलं, पण शाई जराही फुटलेली नाही.

ठमी नाही. बकरी नाही. शकुंतला, हजर. खाली ओळीच ओळी, तिच्याच अक्षरात, काना वाकडा, तसाच. वहीतली सगळी नावं. हिरामण, हजर. शेवटची ओळ कालची. धोंडुबाई, हजर.

सगळ्यांत वर बाबा. पुढे रिकामं.

सरूला पत्र लिहून पेटीत ठेवलंय. त्या दिवशी मला ऐकू आलं होतं, हे लिहिलं. तिने माफ करावं असं लिहिलं नाही.

साडेअकरा

पायरीवर बसलोय. खतीब मागे, पडवीत, दुवा म्हणताहेत. त्यांना म्हटलं जवळ येऊ नका. पाणी पाचव्या पायरीला. हे लिहितोय म्हणजे हात कामात राहील.

ठरलंय. पान सोडायचं. पोच म्हणायचं. घरी जायचं. सरू एकटी आहे. सरू एकटी आहे. सरू

पावणेबारा

पाणी चौथ्या पायरीला. तिवरापाशी माणसं. उभी. पाणी गुडघ्याएवढं आणि हलत नाहीत. धोंडुबाईचं लुगडं ओळखलं. सगळ्यांपुढे ती. फ्रॉक तोच, खिसा फाटका. सरू शिवणार होती तो.

तोंड दिसत नाही. केस पुढे आलेत. नको दिसायला —

बारा

पाणी थांबलं. आता फिरेल. पान हातात आहे. सोडतो.

हात उघडत नाही. तिचा काना, तो वाकडा —

पो

म्हणवत नाही. आपल्या पोरीला जा कसं —

पाणी फिरलं

हाक आली.

बाबा.

एकदाच. तशीच. खेळातली.

ओ नाही देणार. खतीब ओरडताहेत, नका देऊ. नाही देत. दुसरी मार. शकू, बाळा, दुसरी मार ना. पाय आपट. चिड. एकदा चिड माझ्यावर —

येत नाही.

वाट बघतेय ती. पाणी तिला मागे नेतंय, छातीपर्यंत, आणि माझ्याकडे बघत —

त्या दिवशीही अशीच बघत असेल. मी सुईकडे बघत होतो.

आज हातात सुई नाही.

सरू, ताट —

ओ. ओ, शकू. पहिल्याच हाकेला, बघ. लिही माझ्यापुढे. बाबा ह